ई-सिगारेटवर बंदी; बॅटरीचे काय?

ई-सिगारेटवरील चर्चा निकोटिनभोवतीच फिरते. बॅटरीचा धोका दुर्लक्षित राहतो. ‘मेकॅनिकल मॉड’ प्रकारच्या उपकरणात विद्युतप्रवाहावर लक्ष ठेवणारे सर्किटच नसते. कळ दाबताच बॅटरी थेट तारेच्या कॉइलला जोडली जाते. अधिक वाफेच्या हव्यासापोटी वापरकर्ते कॉइल स्वतः गुंडाळून तिचा रोध कमी करतात. ओहमच्या नियमानुसार ४.२ व्होल्टच्या पूर्ण चार्ज बॅटरीतून ०.२ ओहमची कॉइल २१ अँपिअर प्रवाह खेचते, ०.१ ओहमची, तब्बल ४२. लिथियम-आयन बॅटरीची मर्यादा ओलांडली गेली आणि धातूच्या नळीत वायू कोंडला, तर स्फोट होऊ शकतो. २०१८ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात अशाच स्फोटाने एकाचा बळी घेतला.

भारतात २०१९च्या कायद्याने उत्पादन, आयात, विक्री व साठवणुकीवर बंदी आली. वापर मात्र स्वतंत्र गुन्हा ठरला नाही. परिणामी चोरवाटेने आलेल्या उपकरणाला ना मानकाची कसोटी, ना विक्रेत्याचे उत्तरदायित्व. रोध मीटरने मोजावा, फाटक्या आवरणाची बॅटरी वापरू नये, एवढेही सांगणारा कोणी उरत नाही. बंदी शिथिल करण्याचे हे कारण नव्हे. मात्र गोव्यासह सर्वत्र महाविद्यालयीन प्रबोधनात निकोटिनसोबत बॅटरीचाही धडा हवा. धोका समजावून सांगणे म्हणजे परवानगी देणे नव्हे.