शेंगा तोडणाऱ्यांच्या घरी शेअर का नव्हता?

नाशिकरोडच्या एका वस्तीत भीमजयंतीनिमित्त मुलांची वक्तृत्व स्पर्धा होती. आम्ही परीक्षक म्हणून बसलो होतो. दहावीतल्या एका मुलाने विषय घेतला होता, 'अब्जाधीशांचा साधेपणा'. पाठांतर पक्के, आवाज खणखणीत. विप्रोचे अझीम प्रेमजी विमानात साध्या वर्गाने जातात, जुनी गाडी वापरतात, विनाकारण जळणारे दिवे बंद करायला लावतात, प्रसिद्धीपासून लांब राहतात, हे सारे त्याने रंगवून सांगितले. टाळ्या पडल्या. शेवटी तो म्हणाला, "आमच्या वडिलांनी अशी काटकसर केली असती तर आज आम्हीही कुठल्या कुठे असतो!" वडील मागच्या रांगेत बसले होते. सातपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार. ते हसले आणि खाली बघू लागले.

दोष त्या मुलाचा नाही. बसस्थानकावरच्या पुस्तकविक्रेत्यापासून प्रस्थापित वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांपर्यंत हेच विकले जाते. अमुक शेठ दहा वर्षे एकच बूट घालतो, तमुक शेठ कोणाला भेटत नाही. आमच्या वस्तीतला माणूस दहा वर्षे एकच बूट घालतो तेव्हा त्याला दरिद्री म्हणतात, आणि तो कोणाशी बोलेनासा झाला तर वेडसर. श्रीमंताने तेच केले की त्याला साधेपणा म्हणायचे, फार तर लहर म्हणायचे.

या लहरी माणसांची आणखी एक गोष्ट सांगितली जाते, ती म्हणजे ते शून्यातून वर आले. अमेरिकेतला हॉवर्ड ह्यूज १९६६ साली लास व्हेगासच्या एका हॉटेलात काळोख्या खोलीत कोंडून घेऊन राहिला. खोली सोडा म्हटल्यावर त्याने १९६७ साली ते हॉटेलच विकत घेतले. पण खनिज तेलाच्या विहिरी खणायची हत्यारे बनवणारी बापाची कंपनी त्याला अठराव्या वर्षीच मिळाली होती. आपल्याकडचे पालनजी मिस्त्री २०२२ साली वारले. टाटा सन्समध्ये त्यांच्या घराण्याचा १८ टक्क्यांहून अधिक वाटा, पण माणूस चारचौघांत क्वचितच दिसला. त्यांचाही धंदा वडिलोपार्जित. यातले शून्य कोणते, ते आम्हाला सापडत नाही.

आता प्रेमजींकडे येऊ, कारण ती गोष्ट आपल्या घराजवळची आहे. अमळनेर जळगाव जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच नाशिक महसूल विभागात. तिथे २९ डिसेंबर १९४५ रोजी त्यांच्या वडिलांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. शेंगतेलापासून वनस्पती तूप करायचे, हा धंदा. १९६६ साली वडील वारले आणि अमेरिकेत शिकणारे अझीम प्रेमजी वयाच्या एकविसाव्या वर्षी मालक झाले. पुढे त्या तुपाच्या कारखान्यातून त्यांनी संगणकाची जगभर पसरलेली कंपनी उभी केली, हे त्यांचे कर्तृत्व आहे. २०१९ पर्यंत त्यांनी विप्रोतील सुमारे ६७ टक्के मालकीचा लाभ आपल्या प्रतिष्ठानाला दिला, आणि ते प्रतिष्ठान सरकारी शाळांतल्या शिक्षणासाठी काम करते. हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. देवळाच्या कळसाला सोने देणाऱ्या शेठजींपेक्षा हा माणूस निराळा आहे.

पण अमळनेरची दुसरी गोष्टही वाहिन्या कौतुकाने दाखवतात. तिथल्या ज्या घरांनी पूर्वी या कंपनीचे शेअर घेतले आणि विकले नाहीत, ती घरे आज कोट्यधीश आहेत. २००५, २०१७ आणि २०२४ साली एका शेअरला एक असा बोनस मिळाला, त्याआधीचे निराळेच. ही माणसे जुन्याच घरात राहतात, बडेजाव करत नाहीत. ठीक आहे. पण शेअर घेतले कोणी? ज्याच्या घरात महिन्याचा खर्च भागून चार पैसे उरत होते त्याने. व्यापाऱ्याने, अडत्याने, जमीनवाल्याने. आणि खानदेशच्या शिवारात त्या शेंगा तोडल्या कोणी, पोती वाहिली कोणी? भूमिहीनांच्या बायांनी, महारवाड्यातल्या आणि भिल्लांच्या वस्तीतल्या माणसांनी. काटकसर त्यांनीही केली. अर्धी भाकरी खाऊन केली. त्यांच्या काटकसरीला बोनस लागला नाही, कारण उरलेल्यातून शिल्लक पडते आणि त्यांच्याकडे उरतच नव्हते.

म्हणूनच कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो जमिनीसाठी. काटकसरीचे धडे देत ते गावोगाव फिरले नाहीत. आणि ज्या १९४५ साली अमळनेरात ती कंपनी निघाली, त्याच वर्षी ८ जुलैला बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली होती. आमच्या समाजाच्या वाट्याला जो काही शेअर आला तो हाच.

आपल्यातही उद्योजक झाले, त्यांचा आम्हाला अभिमान आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेड गावचे अशोक खाडे घडले ते माझगाव डॉक या सरकारी गोदीत. अकोला जिल्ह्यातल्या कल्पना सरोज यांनी धंद्यासाठी सरकारी योजनेतून कर्ज घेतले, आणि पुढे बुडत्या कमानी ट्यूब्जचे कामगारच त्यांच्याकडे मदत मागायला आले. या दोघांची जिद्द विलक्षण आहे. पण त्यांच्याही पाठीशी सरकारी गोदी होती, सरकारी योजना होती. हा भाग यशोगाथेत दोन ओळींत उरकला जातो.

नाशिककरांना हे सांगायला नको. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात आणि ओझरच्या विमान कारखान्यात राखीव जागेवर लागलेल्या एका माणसाने किती घरे उभी केली, ते आपल्याला ठाऊक आहे. आता कारखाने खासगी आणि कामगार कंत्राटी. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी उद्योगपतींना वंचितांना नोकऱ्यांत स्थान देण्याचे आवाहन केले, तेव्हा सक्तीचे आरक्षण नको, स्वेच्छेने काय ते करू, असे उत्तर मिळाले. त्या स्वेच्छेचा हिशेब सातपूर-अंबडच्या गेटवर सकाळी सात वाजता उभे राहून कोणीही घ्यावा.

आम्ही त्या मुलाला दुसरे बक्षीस दिले. भाषण चांगलेच झाले होते. नंतर त्याला जवळ बोलावले, घरचे विचारले. आजी पारोळ्याकडची, १९७२ च्या दुष्काळात नाशिकला आलेली. आम्ही म्हणालो, पुढच्या वर्षी भाषणाला उभा राहण्याआधी आजीला विचार, शेंगा तोडायला दिवसाला काय मिळायचे, आणि बाबांना विचार, पगारातून कंत्राटदार किती कापतो. त्याने वहीच्या मागच्या पानावर दोन्ही प्रश्न लिहून घेतले. वडील शेजारीच उभे होते. म्हणाले, "माझं आत्ताच सांगतो की."