कोयत्याला शिकलगार हवा

गळीत हंगाम तोंडावर आला की कराड, पलूस, वाळवा भागातल्या भट्ट्यांवर कोयत्यांचे काम वाढते. आपल्या वाचकांपैकी अनेकांचे वर्षाचे गणित या दिवसांवर बसते. म्हणून यंदा धारेबद्दल थोडे स्पष्ट लिहायचे आहे.

आपला माल वाईट नाही. ट्रकच्या कमानीचा जुना पाटा म्हणजे अर्धा-पाऊण टक्क्याच्या आतबाहेर कार्बन असलेले, सिलिकॉन किंवा क्रोमियम घातलेले चिवट पोलाद. ऊस तोडायला हेच हवे. जपानी स्वयंपाकघरातल्या चाकूंचे सध्या सगळीकडे कौतुक होते, आणि ते रास्तही आहे. पण त्यांचे पोलाद कोयत्याला लावू नये. तिथे मऊ लोखंडाच्या पाठीला एक टक्क्याहून जास्त कार्बनचे कडक पोलाद तापवून जोडतात, अनेकदा एकाच बाजूने धार काढतात, आणि रॉकवेल मापावर साठीच्या पुढची कडकी मिळवतात. असे पाते मासा कापते तेव्हा काप आरशासारखा दिसतो. तेच बुडख्याजवळच्या दगडावर बसले तर तुकडा उडालाच म्हणून समजा.

घ्यायचे ते त्यांच्या कामाच्या वाटणीतून. ओसाकाजवळच्या साकाई शहरात एक चाकू परंपरेने तीन कसबी हातांतून जातो: एक ठोकून पाणी पाजतो, दुसरा फक्त धार काढतो, तिसरा मूठ बसवतो. धार काढणाऱ्याचा मान ठोकणाऱ्यापेक्षा कमी नसतो. कारण साधे आहे. पाजलेल्या पाण्याचे चीज धारेवर होते, आणि मातीही तिथेच होते.

आपल्याकडे असा माणूस होता. शिकलगार. मिरजेत या समाजातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हत्यारांचे काम सोडून सतारी आणि तंबोरे घडवू लागले. संस्थानांच्या फौजा आटत होत्या, तलवारींना गिऱ्हाईक उरले नव्हते. पुढे 1876 मध्ये जपानात कमरेला तलवार लावण्यावर बंदी आली, तेव्हा तिथलेही अनेक तलवारकार चाकू-कात्र्यांकडे वळले. मिरजेच्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गाण्याच्या दुनियेला त्यातून जे मिळाले त्याचे मोल करता येणार नाही. पण कोयत्याची धार आज बहुतेक भट्ट्यांवर शेवटच्या दोन मिनिटांत, कोरड्या ग्राइंडरवर उरकली जाते, हेही खरे आहे.

तिथेच घात होतो. पाते घासताना कडेला निळा रंग चढला म्हणजे ती कड तीनशे अंशांच्या आसपास तापली. चांगले पाणी पाजलेल्या पोलादाची कडकी तेवढ्या भागात उतरते, आणि तोडकऱ्याला दुपारपर्यंत कानस शोधावी लागते. घासताना पाते दर काही क्षणांनी पाण्यात बुडवा. हाताला सोसवत नाही इतके तापू देऊ नका. शेवटचा हात ओल्या दगडावर फिरवा.

पाणी पाजण्याचेही तसेच. पाट्याचे पोलाद पाण्यात झटक्याने थंड केले तर बारीक तडा जाण्याची भीती असते; त्याला तेल मानवते. जपानी कारागीर पाण्यात बुडवतो, कारण त्याचे साधे कार्बन पोलाद तेलात पुरेसे कडक होत नाही. मालाप्रमाणे पाणी, हा नियम दोन्हीकडे एकच. लोहचुंबक चिकटायचा थांबला की अजून थोडा ताव द्यायचा आणि मग बुडवायचे. भट्टीवर थेट ऊन येत असेल तर तावाचा रंग कळत नाही, तेवढी सावली करा. नंतर पाते पुन्हा तापवून कडकी थोडी उतरवणे टाळू नका. घाईच्या दिवसांत नेमके तेच गाळले जाते.

शेतकऱ्याचा फायदाही यात आहे. उसात साखर बुडख्याकडे जास्त असते, म्हणून तोड जमिनीलगत हवी. बोथट कोयत्याने बुडखा चिरफाळतो आणि खोडव्याची फूट बिघडते.

आमची विनंती एवढीच: या हंगामात प्रत्येक भट्टीने एक हात फक्त धारेसाठी ठेवावा, आणि त्याची मजुरी कोयत्याच्या किमतीत वेगळी दाखवून मागावी.