पोपटाच्या पिंजऱ्याची कडी आणि आपले अणुव्रत



“पोपट फार हुशार झालाय, दार चोचीने वर सरकवून बाहेर येतो, काय करावं?” स्वाध्याय संपून चौघी बसलो की हा विषय हमखास निघतो. कुणी तारेचा पीळ घालायला सांगते, कुणी कुलूप लावायला. कडीचा उपाय मीही सांगणार आहे. पण माझे मत असे की कडी घट्ट करण्याआधी पिंजऱ्यात कोणता पक्षी आहे ते पाहावे. उत्तर त्यावर अवलंबून आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातले अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. त्यात बंध पहिला. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी सागारधर्मामृतात गुरांच्या बाबतीत श्रावकाला तीन पायऱ्या सांगितल्या. गुरांवर उपजीविका करूच नये हे उत्तम. ते जमत नसेल तर न बांधता ठेवावीत. बांधावीच लागली तर निर्दयपणे बांधू नयेत. पोपटालाही मी हाच क्रम लावते.

पहिली पायरी, न पाळण्याची. हिरवा, लाल चोचीचा, गळ्याला कंठ असलेला आपला राघू पिंजऱ्यात ठेवणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. 1 एप्रिल 2023 पासून तो कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण आणखी कडक झाले. खांद्यावर लाल डाग असलेला मोठा पहाडी पोपटही त्यातच येतो. ही पिल्ले झाडाच्या ढोलीतून, आईबापांपासून ओढून आणलेली असतात. त्यामुळे घरात राघू असेल तर माझ्याकडे कडीचा सल्ला नाही. वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा, एवढेच सांगेन.

पण म्हणून आजच दार उघडून त्याला गच्चीवरून उडवू नका. हाताने भरवून वाढलेल्या पक्ष्याला खाणे शोधता येत नाही, मांजर आणि शिकरा ओळखता येत नाही. तो दोन दिवसांत मरतो आणि आपण मात्र पुण्य केले समजतो. महावीर जयंतीला विक्रेत्याकडून पक्षी विकत घेऊन सोडण्याबद्दलही मला हेच वाटते. आपल्या पैशाने त्याचा रिकामा पिंजरा पुन्हा भरतो. जीवदया करायचीच तर दिल्लीच्या लाल मंदिरातल्या पक्ष्यांच्या धर्मार्थ रुग्णालयासारखी करावी. तिथे आजारी पक्ष्यावर आधी उपचार होतात आणि तो उडण्याइतका बरा झाला की मगच आकाशात सोडतात.

दुसरी पायरी, न बांधता सहवास. कोल्हापुरात हे किती सोपे आहे! संध्याकाळी रंकाळ्याच्या बाजूला किंवा विद्यापीठाच्या परिसरात उभे राहा, राघूंचे थवे ओरडत झाडांवर उतरताना दिसतात. आपल्यासारखेच तेही दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात. गॅलरीत शाळूचे कणीस टांगावे, पसरट भांड्यात पाणी ठेवून ते रोज बदलावे, परसात पेरू असेल तर वरच्या फांदीची फळे सोडून द्यावीत. मुलांना पोपट दाखवायला पिंजरा लागत नाही.

तिसरी पायरी, आधीच घरात असलेल्या परदेशी पक्ष्यांची. ज्यांना आपण सर्रास लव्हबर्ड म्हणतो ते बजरीगर आणि कॉकाटील ऑस्ट्रेलियाचे, ग्रे पॅरट आफ्रिकेचा. हे बाहेर सुटले तर इथे जगत नाहीत. त्यांच्यासाठी कडी हे रक्षण आहे, पण ती दयेची कडी हवी. ग्रे पॅरटसारख्या पक्ष्याची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार सक्तीची आहे, तीही करून घ्यावी.

वर सरकणारे दार आणि वाकडा हूक पोपट बघून बघून शिकतो. खाण्याच्या वाटीची छोटी खिडकी बहुतेकजणी विसरतात. वाटी ढकलून तो तिथूनही निघतो. प्रत्येक दाराला बाहेरच्या बाजूने, चोच पोचणार नाही असा स्टेनलेस स्टीलचा स्प्रिंगचा हूक लावावा. जस्ताचा मुलामा असलेली तार गुंडाळू नये. ती चावून जस्त पोटात गेले तर विषबाधा होते. कुलूप मला पटत नाही. घरात आग लागली, गॅस गळला, तर किल्ली कोण शोधणार? घरातल्या कोणालाही क्षणात उघडता येईल आणि पक्ष्याला येणार नाही, अशीच कडी असावी.

पक्षी बाहेर मोकळा सोडण्याआधी खिडक्या बंद, पंखा बंद, शेगडी बंद, आणि दाराची बेल वाजली तर आधी पक्षी कुठे आहे ते पाहणे, एवढे नियम घरातल्या सगळ्यांना पाठ हवेत. पंख कातरून घेणे मला छेदाच्या फार जवळचे वाटते. शिवाय कातरलेला पक्षीही वाऱ्याने वाहवत जातो आणि मग मांजरापासून वाचू शकत नाही. शिकवण्यासाठी उपाशी ठेवणे तर सरळ अन्नपाननिरोधच.

आणि तो कडीशी झटतो का, हेही बघा. 2013 साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी इंडोनेशियाच्या काकाकुवांपुढे पारदर्शक दारामागे काजू ठेवला आणि दाराला पाच वेगवेगळ्या कड्या घातल्या. एकाने कुणाच्याही मदतीशिवाय दोन तासांच्या आत पाचही उघडल्या. एवढी बुद्धी दिवसभर एका दांडीवर बसवून ठेवली तर ती कडीवरच चालणार. त्याला सोलायला मक्याचे कणीस, कुरतडायला कडुलिंबाची काडी, कागदात गुंडाळलेला दाणा द्या. रोज तास-दोन तास बंद खोलीत उडू द्या. काम मिळाले की कडीचा नाद पुष्कळ कमी होतो.

ग्रे पॅरट चाळीस-पन्नास वर्षेही जगतो. आपल्यामागे तो सुनेने सांभाळायचा की नातवाने, हे त्यांना आजच विचारून ठेवावे. आणि पिंजऱ्यातला पक्षी आयुष्य संपून गेला, तर त्याच्या जागी दुसरा आणू नये. पिंजरा भंगारात द्यावा. पहिल्या पायरीवर यायची तीच वेळ आहे.