बिनकंदिलाचे दार

गेल्या दिवाळीत माझ्या दाराला ना आकाशकंदील होता, ना दिव्यांच्या माळा. कसबा पेठेत हे खपत नाही. वसुबारसेपासून तिघांनी विचारले, "मास्तर, सुतक आहे का हो?" म्हणजे आनंदाचा दाखला दाराला टांगलाच पाहिजे, नाही टांगला तर घरात कोणी गेले असणार!

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या या पेठेत पाणी शिरले. चार महिन्यांनी दिवाळी आली. त्या वर्षी बिनमाळेच्या दारात असली चौकशी कोणाच्याने झाली असती?

"मग कारागिरांचे पोट?" असे विचारणाऱ्यांच्याच गॅलरीत प्लॅस्टिकचा कंदील लोंबतो, बुरुडाची कामटी त्याला शिवलेलीही नसते. मी कुंभारवाड्यातून पणत्या आणतो, तेही घासाघीस न करता.

आणि ही शोभा करतो कोण? बापाने स्टुलावर चढून कंदील टांगला की त्याचा पराक्रम संपला. जळमटे, तोरणे, रांगोळी, शिवाय फराळ, सारे घरच्या बाईच्या कमरेवर. नरकचतुर्दशीला सर्वांआधी उठते तीच, आणि शेवटी न्हाते तीच. गेल्या वर्षी आमच्याकडे ती पहिली न्हाली. पाणी मी तापवले.

यंदाही माळा नाहीत. सुतकाच्या चौकशीला अवश्य या. चिवडा मात्र मी केलेला असेल.