नाव आहे, रक्कम नाही

बँकेत तीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. काहीही वाचताना तो आधी जमा आणि नावे पाहतो. डीएनएच्या शोधाची हकिकत वाचताना माझं तेच झालं.

हा रेणू म्हणजे पीळ दिलेली शिडी. दोन्ही कडांना साखर आणि फॉस्फेट, मधे पायऱ्या. प्रत्येक पायरी जोडीची : अ‍ॅडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. एक बाजू हाती असली की दुसरी लिहून काढता येते. आमची दुहेरी नोंदीची पद्धतच जणू!

वॉटसन आणि क्रिक यांनी हा हिशोब केंब्रिजमध्ये जुळवला. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये तो छापून आला. पण त्यामागची व्हाउचरं लंडनच्या किंग्ज कॉलेजातली होती. तिथे रोझलिंड फ्रँकलिन यांच्या देखरेखीखाली गॉसलिंग यांनी मे १९५२ मध्ये क्ष-किरणांनी एक छायाचित्र काढलं होतं. त्यातली फुली रेणूचा पीळ सांगत होती. विल्किन्सनी ते वॉटसनना दाखवलं, फ्रँकलिनबाईंना न विचारता. बाईंची मोजमापं एका अहवालातून केंब्रिजला पोचली. त्यांवरून क्रिकनी ताडलं, की दोन धागे परस्परविरुद्ध दिशांनी जातात.

याला मी चोरी म्हणणार नाही. अहवाल गोपनीय नव्हता, आणि बाईंचा स्वतःचा लेखही त्याच अंकात आहे. पण वॉटसन-क्रिकच्या लेखात शेवटी त्यांचं ऋण एका मोघम वाक्यात उरकलं आहे. नाव आहे, रक्कम नाही. १९५८ मध्ये, ३७ व्या वर्षी, बाई कर्करोगाने गेल्या. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं. ते मृतांना देत नाहीत. त्यामुळे माझी तक्रार त्या समितीबद्दल नाही, १९५३ च्या त्या वाक्याबद्दल आहे.

आणि हे मी कोणत्या तोंडाने सांगतो? एका वर्षअखेरीला आमच्या शाखेचा हिशोब टॅली होईना. तिसऱ्या रात्री फरक शोधून काढला तो लेजरवर बसणाऱ्या एका नव्या मुलीने. वरिष्ठांचं शाबासकीचं पत्र मात्र माझ्या नावे आलं. उत्तरात मी ‘सहकाऱ्यांच्या मदतीने’ एवढंच लिहिलं. फ्रँकलिनबाईंच्या वाट्याला निदान नाव तरी आलं होतं.

ज्याचं काम त्याच्या खात्यावर त्याच दिवशी जमा करावं. उशिरा केलेली जमा पाहायला खातेदार असतोच असं नाही.