मालक एक नसला तरी

कामगारांवरच्या परिसंवादांत एक विधान आता सर्वमान्य असल्यासारखे मांडले जाते. गिरण्या गेल्या, एका छपराखाली हजारो माणसे राबण्याचे दिवस गेले. आजचा कामगार विखुरलेला, त्याला ठरावीक मालक नाही, म्हणून संघटनाही शक्य नाही. गाय स्टँडिंग यांचे ‘द प्रिकॅरिएट’ हे पुस्तक २०११ साली आले, तेव्हापासून या निराशेला जागतिक आधार मिळाला. स्टँडिंग स्वतः असुरक्षित कामगारांना घडू पाहणारा नवा वर्ग म्हणतात, चळवळ संपली असे म्हणत नाहीत. त्यांचा दाखला देणारे मात्र ते सर्रास म्हणतात.

मला हे विधान चुकीचे वाटते, आणि घातकही. युरोपात अशी असुरक्षितता नवी असेल. आपल्याकडे बहुसंख्य कष्टकऱ्यांनी दुसरे काही पाहिलेलेच नाही. आणि ज्यांना ठरावीक मालक नव्हता त्यांनी संघटना उभारल्याचा पुरावा मुंबईच्या दाणाबंदरात आणि पुण्याच्या भुसार बाजारात आहे.

हमाल सकाळी एका गाळ्यावर पोती उतरवी, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. रजा, फंड, अपघाताची भरपाई मागायची कोणाकडे? प्रत्येक व्यापारी म्हणे, हा माझा नोकर नाही. तरीही पुण्यात बाबा आढावांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याची रचना मला आजही विलक्षण वाटते. मालक आणि कामगार, दोघांचीही नोंद मंडळाकडे. मंडळावर व्यापारी, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळात भरायची. मजुरी कामगाराला, लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार, औषधोपचार. मालक रोज बदलो, हक्क मंडळापाशी साठत राहतो.

यावर आक्षेप येतो की माथाडीच्या नावाने खंडणी उकळली जाते. तशा तक्रारी आहेत आणि खंडणीखोरांवर फौजदारी कारवाई व्हायलाच हवी. पण नोंदणी नसलेल्या टोळ्यांच्या गुन्ह्यासाठी नोंदणी झालेल्या हमालाचा फंड का बुडावा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हमाल निदान एका बाजारात भेटत, चहाच्या टपरीवर बोलत. ॲपवर जेवण पोहोचवणारा मुलगा एकटा असतो. ही अडचण खरी आहे. पण कचरा वेचणाऱ्या बायाही शहरभर एकट्या फिरत, आणि पुण्यात १९९३ साली त्यांचीच कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. शिवाय ॲपवर तर प्रत्येक फेरीची नोंद आपोआप होते. चिठ्ठ्यांवर हिशेब ठेवणाऱ्या माथाडी मंडळांपेक्षा लेव्ही कापणे तिथे कितीतरी सोपे. राजस्थानने २०२३ साली कल्याण मंडळ आणि प्रत्येक व्यवहारावर शुल्क असा कायदा केलाही. सरकार बदलल्यावर त्याची अंमलबजावणी रखडली, पण तो दोष राजकीय इच्छेचा आहे.

केंद्राच्या २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम द्यावी अशी तरतूद आहे. ती स्वागतार्ह आहे, पण माथाडी कायद्यापेक्षा तोकडी आहे. संहिता विम्याचे, निधीचे बोलते. फेरीचा दर कोण ठरवणार याबद्दल गप्प राहते. माथाडी मंडळात मजुरीचे दर ठरवण्याच्या प्रक्रियेत कामगाराला जागा आहे. आज दर कंपनी एकतर्फी बदलते आणि मुलाला ते फोनवर कळते.

म्हणून कल्याण निधीवर थांबून चालणार नाही. ॲपवरच्या कामगारांसाठी महाराष्ट्राने दर ठरवण्याचे अधिकार असलेले त्रिपक्षीय मंडळ स्थापावे. त्याचा नमुना या राज्याच्या कायद्यात अर्धशतकाहून अधिक काळ आहे.