मीनंबाक्कम ते परंदूर: अंतर तासांत सांगा

प्रति,
तमिळनाडू औद्योगिक विकास महामंडळ (टिडको), चेन्नई

महोदय,

कांचीपुरम जिल्ह्यात परंदूरला चेन्नईचा दुसरा विमानतळ उभा राहणार आणि मीनंबाक्कमचा जुनाही चालूच राहणार, असे 2022 पासून सांगितले जात आहे. शहराला नव्या धावपट्ट्या हव्यात, हे मला मान्य आहे. मीनंबाक्कमला वस्तीने इतके आवळले आहे की तिथली दुसरी धावपट्टी अड्यार नदीवर पूल बांधून पलीकडे न्यावी लागली. पण दोन्ही विमानतळ चालणार असतील, तर त्यांच्यातले पन्नास-साठ किलोमीटर प्रवाशाला किती तासांचे पडतील, हे आधी जाहीर करा. आणि दोहोंदरम्यान थेट रेल्वे धावेपर्यंत परदेशी विमाने परंदूरला आणि देशी विमाने मीनंबाक्कमला, अशी वाटणी करू नका.

परदेशाहून येऊन पुढे पुण्याला जाणारा प्रवासी घ्या. इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, कस्टम्स, मग गाडी. वाटेत श्रीपेरुंबुदूरला कारखान्यांतून नव्या मोटारी घेऊन निघालेल्या लांबलचक ट्रेलरांच्या मागे अडकायचे आणि मीनंबाक्कमचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होण्यापूर्वी तिथे पोचायचे. मध्ये चार तास राखले तरी धाकधूक राहणारच. असा माणूस पुढच्या वेळी चेन्नईचे तिकीटच काढणार नाही. बंगळूरु किंवा हैदराबादमार्गे जाईल, कारण तिथे दोन्ही विमाने एकाच विमानतळावर मिळतात.

मॉन्ट्रियलमध्ये नेमके हेच घडले. 1975 मध्ये परदेशी विमाने दूरच्या मिराबेलला नेली, देशांतर्गत विमाने डोर्व्हालला ठेवली, आणि दोहोंना जोडणारी वेगवान रेल्वे कधी झालीच नाही. विमाने बदलणारे प्रवासी टोरोंटोकडे वळले. 1997 मध्ये परदेशी सेवा डोर्व्हालला परतू लागल्या, 2004 मध्ये मिराबेलची प्रवासी वाहतूक थांबली आणि पुढे ती टर्मिनल इमारतही पाडली गेली. ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या होत्या, त्यांची ती वर्षे मात्र कोणी परत देऊ शकले नाही.

लंडनमध्ये अनेक विमानतळ सुखाने चालतात, असे कोणी म्हणेल. चालतात, पण हीथ्रो आणि गॅटविक या दोन्ही ठिकाणांहून देशी-परदेशी विमाने सुटतात, म्हणून बहुतेकांना एकावरून दुसऱ्यावर जावेच लागत नाही. गोव्यातही दाबोळी आणि मोपा दोन्ही चालू आहेत, पण गोवा हे बहुतेकांचे मुक्कामाचे ठिकाण, विमान बदलण्याचे नव्हे. चेन्नईचे तसे नाही. राहिला प्रश्न मेट्रोचा. पूनमल्लीहून परंदूरपर्यंत मार्ग वाढवण्याचा प्रस्ताव चांगलाच आहे. पण मीनंबाक्कमहून निघालेल्याला आलंदूरला एकदा आणि पोरूरच्या आसपास पुन्हा एकदा गाडी बदलावी लागेल. दोन बॅगा आणि झोपलेले मूल घेऊन हे करून पाहावे. शहरातून विमानतळाला जाणाऱ्याची सोय वेगळी आणि एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याची वेगळी. आराखड्यात फक्त पहिलीचा विचार दिसतो.

परंदूरसाठी तेरा गावांतली पाच हजार एकरांहून अधिक जमीन लागणार आहे. त्यांतल्या एकनापुरमचे लोक 2022 पासून विरोधात बसले आहेत, आणि त्यांचे तळे व भातशेती या हिशेबात कुठे बसते, हा प्रश्न माझ्या प्रश्नाहून मोठा आहे. निदान त्यांना तरी, पहिली धावपट्टी आखण्याआधी, कोणती विमाने कुठून सुटणार आणि जोडरेल्वे कोणत्या वर्षी धावणार, हे लेखी कळवा.

आपला,
एक विमानप्रवासी